सामायिक संगणकावर बंद केलेला ड्राइव्ह इतरांना पुन्हा पुन्हा का उघडतो?

एकाच संगणकावर दोन-तीन माणसे आळीपाळीने काम करतात. त्यांपैकी एकाची महत्त्वाची कागदपत्रे डी ड्राइव्हमध्ये असतात. ती इतरांच्या नजरेस पडू नयेत म्हणून कोणीतरी तो ड्राइव्ह बंद करून देतो, आठवडाभर सगळे ठीक चालते आणि मग एके दिवशी तोच ड्राइव्ह सगळ्यांना बिनदिक्कत उघडू लागतो. पुन्हा बंद करावा, तर काही दिवसांनी पुन्हा तेच. विंडोज १० आणि विंडोज ११ या दोन्हींवर ही तक्रार मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिची कारणे एकदा नीट लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. बहुतेक ठिकाणी ड्राइव्ह बंद करण्याची एखादी युक्ती सांगितली जाते, पण ती युक्ती नेमकी कशाने मोडते हे सांगितले जात नाही.

उदाहरण म्हणून एका लहान कर-सल्लागार कार्यालयाचा संगणक घेतो. मालक स्वतः आणि दोन कर्मचारी, असे तिघे जण तो वापरत. डी ड्राइव्हमध्ये ग्राहकांची पॅन आणि आधार कार्डे, बँकेच्या पासबुकांच्या स्कॅन केलेल्या प्रती आणि मागील अनेक वर्षांची विवरणपत्रे होती. लोकांनी विश्वासाने दिलेले हे कागद ज्याचे काम त्यानेच पाहावेत, अशी मालकांची इच्छा होती आणि ती पूर्णपणे रास्त होती. त्या संगणकावर ड्राइव्ह तीन वेळा बंद करण्यात आला आणि तिन्ही वेळा तो उघडला. प्रत्येक वेळचे कारण वेगळे होते आणि ही तीनच कारणे बहुसंख्य घरांत आणि कार्यालयांत आढळतात.

पहिल्या वेळी ड्राइव्ह बंद केलेला नव्हता, फक्त लपवलेला होता. ग्रुप पॉलिसी एडिटर या विंडोजचे निर्बंध ठरवण्याच्या साधनात यूजर कॉन्फिगरेशन, त्याखाली ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स आणि फाइल एक्सप्लोरर अशा क्रमाने गेल्यास दोन पर्याय दिसतात. ‘हाइड दीज स्पेसिफाइड ड्राइव्ह्ज इन माय कॉम्प्युटर’ हा पर्याय ड्राइव्हचे चिन्ह यादीतून काढून टाकतो, पण ॲड्रेस बारमध्ये डी, त्यापुढे कोलन (:) असे टाइप करून एंटर दाबले की ड्राइव्ह जसाच्या तसा उघडतो. ‘प्रिव्हेंट ॲक्सेस टू ड्राइव्ह्ज फ्रॉम माय कॉम्प्युटर’ हा दुसरा पर्याय थोडा कडक आहे. तो एक्सप्लोररमधून आणि रन विंडोमधून ड्राइव्ह उघडू देत नाही. तरीही हे दोन्ही निर्बंध एक्सप्लोररने पाळायचे आहेत, डिस्कने नव्हे. कमांड प्रॉम्प्ट (लिहून आज्ञा देण्याची विंडो) किंवा स्वतःची फाइल-यादी दाखवणारा एखादा प्रोग्राम त्यांना जुमानत नाही. मायक्रोसॉफ्टने त्या पर्यायाच्या वर्णनातच हे स्पष्ट लिहिले आहे. ते वर्णन वाचण्याचे कष्ट मात्र फारसे कोणी घेत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ड्राइव्हचे अक्षरच काढून टाकणे हा उपायही याच जातीचा आहे. त्यात भर म्हणजे अक्षर काढले की तो ड्राइव्ह मालकालाही दिसेनासा होतो आणि त्यावर अवलंबून असलेले लेखा-प्रोग्राम आपला डेटा शोधू शकत नाहीत.

विंडोजच्या होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटर नसतो, म्हणून तेथे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत, ‘नो ड्राइव्ह्ज’ नावाची नोंद तयार करण्याचा सल्ला दिला जातो. या नोंदीत प्रत्येक ड्राइव्हला एक अंक असतो: ए साठी १, बी साठी २, सी साठी ४, डी साठी ८, ई साठी १६, एफ साठी ३२, याप्रमाणे दुप्पट होत जाणारा. डी आणि ई दोन्ही लपवायचे असतील तर ८ आणि १६ यांची बेरीज २४ लिहायची असते. येथे हमखास एक चूक होते. अंक लिहिण्याच्या त्या छोट्या चौकटीत ‘हेक्झाडेसिमल’ (सोळाच्या पटीत मोजणारी पद्धत) आणि ‘डेसिमल’ (नेहमीची दहाच्या पटीतील) अशी दोन गोल बटणे असतात आणि मुळात हेक्झाडेसिमल निवडलेले असते. ते न बदलता २४ लिहिले तर विंडोज त्याचा अर्थ ३६ असा घेते. ३६ म्हणजे ३२ अधिक ४, अर्थात एफ आणि सी. डी आणि ई जागच्या जागी राहतात आणि सी ड्राइव्ह मात्र नाहीसा होतो. मग संगणकात व्हायरस शिरल्याची शंका घेतली जाते. दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. ही नोंद चालू वापरकर्त्याच्या विभागात करायची असते. कर्मचाऱ्याच्या साध्या खात्यातून रजिस्ट्री एडिटर उघडून त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या (येथे मालकाच्या) खात्याचा, पासवर्ड दिला, तर तो एडिटर ॲडमिनिस्ट्रेटरच्या नावाने चालतो आणि नोंद त्याच्याच विभागात होते. परिणामी कर्मचाऱ्याला ड्राइव्ह दिसत राहतो आणि मालकाचा लपतो. ड्राइव्ह लपवण्याला माझा विरोध नाही. चुकून कोणी काही पुसू नये एवढ्यासाठी तो उपयोगी आहे. गोपनीयतेसाठी मात्र त्यावर विसंबणे मी कोणालाही सुचवणार नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही योग्य जागी गेलो, म्हणजे ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधील सिक्युरिटी टॅबमध्ये. एनटीएफएस ही फाइल-प्रणाली १९९३ साली विंडोज एनटी ३.१ सोबत आली आणि तिचे एक मोठे वैशिष्ट्य असे की प्रत्येक फाइल आणि फोल्डरसोबत परवानग्यांची यादी साठवली जाते. कोणताही प्रोग्राम फाइल मागू लागला की विंडोज ही यादी तपासते, त्यामुळे एक्सप्लोरर असो वा कमांड प्रॉम्प्ट, उत्तर एकच मिळते. डेटासाठी फॉरमॅट केलेल्या नव्या ड्राइव्हवर ही यादी मुळात फार सैल असते. त्यात ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टिम (विंडोज स्वतः वापरते ते खाते) यांना पूर्ण अधिकार असतात, ‘यूजर्स’ गटाला वाचण्याचा अधिकार असतो आणि ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ या गटाला बदल करण्याचा अधिकार असतो. ऑथेंटिकेटेड यूजर्स म्हणजे संगणकावर स्वतःच्या खात्याने आत आलेला जवळजवळ कोणीही. कर्मचाऱ्यांना डी ड्राइव्हमधील फाइली केवळ पाहताच नव्हे तर पुसताही येतात, त्याचे मूळ या ओळीत आहे.

आम्ही त्या ओळी काढल्या, तरी ड्राइव्ह उघडतच राहिला. कारण शोधायला वेळ लागला नाही: दोन्ही कर्मचाऱ्यांची खाती ॲडमिनिस्ट्रेटर प्रकारची होती. संगणक विकत घेतला तेव्हा दुकानदाराने एकच खाते तयार केले होते आणि पुढे जी खाती वाढली ती कोणताही प्रोग्राम टाकताना अडचण नको म्हणून त्याच प्रकारची केली गेली. ॲडमिनिस्ट्रेटरला परवानगी नसली तरी ती स्वतःला देण्याचा अधिकार असतो, फोल्डरची मालकी आपल्याकडे घेण्याचाही असतो. म्हणून हा प्रश्न ड्राइव्हपासून नव्हे, खात्यांपासून सोडवायला घ्यावा लागतो. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात अदर यूजर्स, तेथे त्या व्यक्तीच्या नावावर जाऊन ‘चेंज अकाउंट टाइप’ निवडावे आणि प्रकार ‘स्टँडर्ड यूजर’ असा करावा. विंडोज १० मध्ये याच पानाचे नाव फॅमिली अँड अदर यूजर्स असे असते. सगळे जण एकच खाते वापरत असतील तर प्रत्येकासाठी स्वतंत्र खाते तयार करण्यावाचून गत्यंतर नाही, कारण विंडोज माणसाला ओळखत नाही, खात्याला ओळखते. मायक्रोसॉफ्टचे खाते नको असेल तर नवे खाते जोडताना ‘आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन’ आणि त्यानंतर ‘ॲड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ हे पर्याय घ्यावेत.

प्रकार बदलल्यानंतर ती व्यक्ती आधीपासून लॉगिन असेल तर तिने साइन आउट करून पुन्हा आत येणे आवश्यक आहे. गटांचे अधिकार लॉगिन होताना ठरतात आणि चालू असलेल्या सत्रात तेच राहतात. ‘स्टँडर्ड केले तरी उघडते’ ही तक्रार अनेकदा एवढ्यानेच मिटते.

आता परवानग्यांची कृती. ती सांगताना क्रमावर माझा विशेष भर आहे, कारण क्रम चुकला की मालक स्वतःच बाहेर राहतो. ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, सिक्युरिटी आणि ॲडव्हान्स्ड येथपर्यंत जावे. प्रथम ‘ॲड’ दाबून, ‘सिलेक्ट अ प्रिन्सिपल’ मधून स्वतःच्या खात्याचे नाव घालावे, त्याला ‘फुल कंट्रोल’ द्यावा आणि तो ‘धिस फोल्डर, सबफोल्डर्स अँड फाइल्स’ यांना लागू आहे याची खात्री करावी. आपण ॲडमिनिस्ट्रेटर आहोत आणि यादीत ॲडमिनिस्ट्रेटर्स गट आहेच, तर नाव वेगळे कशाला, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर यूजर अकाउंट कंट्रोलमध्ये आहे. ॲडमिनिस्ट्रेटर जेव्हा नेहमीसारखा एक्सप्लोरर उघडतो तेव्हा विंडोज त्याचे ॲडमिनिस्ट्रेटरपण बाजूला ठेवून त्याला साध्या वापरकर्त्यासारखे वागवते, त्यामुळे गटाला मिळालेली परवानगी त्या क्षणी त्याच्या उपयोगी पडत नाही. आजवर तो ड्राइव्ह उघडत होता तो ऑथेंटिकेटेड यूजर्सच्या ओळीमुळे. ती ओळ काढली आणि स्वतःचे नाव घातलेले नसले की मालकालाच ‘ॲक्सेस इज डिनाइड’ असे उत्तर मिळते.

स्वतःचे नाव घातल्यावरच ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’, ‘यूजर्स’ आणि असल्यास ‘एव्हरीवन’ या ओळी निवडून ‘रिमूव्ह’ कराव्यात. सिस्टिम आणि ॲडमिनिस्ट्रेटर्स या दोन ओळींना हात लावू नये. अँटिव्हायरस, बॅकअप आणि शोध-सूची यांचे काम सिस्टिम या खात्याच्या आधारे चालते. ‘डिनाय’ चा मोह येथे पूर्णपणे टाळावा. एव्हरीवनला डिनाय केले की त्या ‘सर्वां’मध्ये आपणही येतो आणि एकाच पातळीवर नकार हा परवानगीपेक्षा वरचढ ठरतो. ज्याला द्यायचे नाही त्याचे नाव यादीत नसले की पुरते. कोणी आधीच तशी चूक करून बसले असेल तर ॲडव्हान्स्ड विंडोत वर ‘ओनर’ समोरील ‘चेंज’ दाबून मालकी आपल्याकडे घ्यावी, विंडो बंद करून पुन्हा उघडावी आणि डिनायची ओळ काढून टाकावी. घाबरण्याचे कारण नसते, फाइली जागच्या जागीच असतात.

ही संपूर्ण कृती सी ड्राइव्हच्या मुळाशी, म्हणजे संपूर्ण सी ड्राइव्हवर, कधीही करू नये. तेथील परवानग्यांवर विंडोज आणि प्रोग्राम दोन्ही चालतात. त्या विस्कटल्या की इतर वापरकर्त्यांचे लॉगिनही नीट होत नाही. सी ड्राइव्हवरील खासगी फाइलींसाठी वेगळे काही करण्याची गरजही सहसा नसते, कारण ‘यूजर्स’ फोल्डरमधील प्रत्येकाचा स्वतःचा फोल्डर, म्हणजे त्याचे डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स इत्यादी, मुळातच तो स्वतः, सिस्टिम आणि ॲडमिनिस्ट्रेटर्स एवढ्यांनाच खुला असतो. थोड्याच फाइली असतील तर त्या डी ड्राइव्हवरून आपल्या डॉक्युमेंट्समध्ये आणणे हा सर्वांत कमी खटपटीचा मार्ग आहे. घरातील संगणकासाठी मी बहुधा हाच सुचवतो.

कार्यालयात मात्र डी ड्राइव्हचा काही भाग सर्वांना लागत होता, म्हणून आम्ही संपूर्ण ड्राइव्ह बंद न करता त्यात ‘ग्राहक’ आणि ‘सामायिक’ असे दोन फोल्डर केले आणि परवानग्या फक्त ‘ग्राहक’ वर बदलल्या. फोल्डरवर ही कृती करताना ओळी काढता येत नाहीत, कारण त्या ड्राइव्हकडून वारशाने आलेल्या असतात. त्यासाठी आधी ‘डिसेबल इनहेरिटन्स’ दाबून ‘कन्व्हर्ट इनहेरिटेड परमिशन्स इनटू एक्स्प्लिसिट परमिशन्स’ हा पर्याय घ्यावा लागतो. दुसरा, सर्व परवानग्या एकदम काढून टाकणारा पर्याय घेऊ नये. ही व्यवस्था चांगली चालली, जुलैमधील विवरणपत्रांची घाईही तिच्यावरच पार पडली आणि त्यानंतर तिसऱ्यांदा तक्रार आली: एका कर्मचाऱ्याला ‘ग्राहक’ फोल्डर उघडतो आहे.

हे तिसरे कारण सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे आणि माझ्या मते ‘पुन्हा पुन्हा’ या शब्दाचे खरे उत्तर तेच आहे. मी सिक्युरिटी टॅब उघडला तेव्हा यादीत त्या कर्मचाऱ्याच्या खात्याचे नाव ठळकपणे होते, समोर वाचण्याची परवानगी होती. ती त्याने स्वतःला दिलेली नव्हती. स्टँडर्ड खात्याला ते शक्यच नाही. मालकांना विचारल्यावर उलगडा झाला. एका ग्राहकाचा फोन आला होता, कर्मचाऱ्याचे खाते समोर उघडे होते, मालकांनी तेथेच बसून ‘ग्राहक’ फोल्डरवर डबल क्लिक केले. एक छोटी चौकट आली, तिच्यावर ढालीचे चिन्ह असलेले ‘कंटिन्यू’ बटण होते. ते दाबल्यावर पासवर्ड मागितला गेला आणि मालकांनी आपला पासवर्ड टाकला. फोल्डर उघडला, ग्राहकाला हवी ती माहिती मिळाली, विंडो बंद केली.

त्या छोट्या चौकटीवर एक शब्द असतो, ‘परमनंटली’. या फोल्डरमध्ये सध्या आपल्याला प्रवेश नाही, कायमचा प्रवेश मिळवण्यासाठी कंटिन्यू दाबा, असे त्या वाक्याचे म्हणणे असते. आपण समजतो की पासवर्ड देऊन एकदा आत डोकावलो. विंडोज मात्र त्या पासवर्डच्या अधिकाराने, चालू असलेल्या खात्याचे नाव त्या फोल्डरच्या आणि आतील सर्व फोल्डर-फाइलींच्या यादीत कायमचे घालते. खाते कर्मचाऱ्याचे होते, म्हणून परवानगी कर्मचाऱ्याला मिळाली. संगणक बंद करून सुरू केला तरी ती जात नाही. मालकांनी स्वतःच्या हाताने कुलूप उघडले आणि किल्ली दाराला तशीच राहिली. यात त्यांची चूक मी मानत नाही. ती चौकट नेहमीच्या परवानगी-चौकटींसारखीच दिसते आणि घाईत असलेला कोणीही माणूस तेच करेल.

उपाय दोन भागांचा आहे. आधी झालेले निस्तरावे: फोल्डरच्या ॲडव्हान्स्ड विंडोत ते नाव निवडून काढावे, खालील ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज’ या ओळीसमोर खूण करावी आणि ॲप्लाय दाबावे, म्हणजे आत खोलवर राहिलेल्या नोंदीही जातील. हजारो फाइली असल्या तर याला बराच वेळ लागतो. मध्येच थांबवू नये, नाही तर अर्ध्या फाइलींवर जुने आणि अर्ध्यांवर नवे असे होऊन बसते. आणि हीच खूण संपूर्ण ड्राइव्हच्या मुळाशी करणे शक्यतो टाळावे, कारण तेथे ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ आणि रीसायकल बिनचे गुप्त फोल्डरही असतात. पहिल्यावर नकाराचा संदेश येतो आणि दुसऱ्याच्या परवानग्या बदलल्या की रीसायकल बिन खराब झाल्याची सूचना येऊ लागते. दुसरा भाग सवयीचा आहे. इतराच्या खात्यात बसून कंटिन्यूच्या चौकटीला पासवर्ड देऊ नये. फाइल हवी असेल तर विंडोजची किल्ली आणि एल दाबावे, स्वतःच्या खात्यात जावे आणि ती फाइल ‘सामायिक’ मध्ये कॉपी करावी.

येथे ‘कॉपी’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे. कॉपी केलेली फाइल ज्या फोल्डरमध्ये जाते त्याच्या परवानग्या घेते. त्याच ड्राइव्हवर कट करून हलवलेली फाइल मात्र आपल्या जुन्या परवानग्या सोबत नेऊ शकते. ‘सामायिक’ मधून ‘ग्राहक’ मध्ये हलवलेली फाइल उघडीच राहणे किंवा उलट दिशेने हलवलेली फाइल कर्मचाऱ्याला न उघडणे, असे विचित्र प्रकार यातूनच होतात. फाइली हलवल्यानंतर वर सांगितलेली खूण करून एकदा ॲप्लाय करणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

संपूर्ण ड्राइव्ह एकाच व्यक्तीचा असेल तर मात्र परवानग्या ड्राइव्हच्या मुळाशीच बदलाव्यात. तेथे सहसा कंटिन्यूची चौकट येत नाही, थेट नकाराचा संदेश येतो, त्यामुळे वरील अपघाताला वावच राहत नाही. अशा बंद ड्राइव्हमधील एखादा फोल्डर कर्मचाऱ्याला द्यायचा असेल तर त्या फोल्डरवर त्याच्या खात्याला परवानगी द्यावी आणि त्याच्या डेस्कटॉपवर त्या फोल्डरचा शॉर्टकट ठेवावा. ड्राइव्ह उघडत नसला तरी पूर्ण पत्ता ठाऊक असलेल्या फोल्डरपर्यंत पोहोचण्याची मुभा विंडोज मुळातच सर्वांना देते, म्हणून तो शॉर्टकट चालतो.

सिक्युरिटी टॅबच दिसत नसेल तर प्रॉपर्टीजच्या पहिल्या पानावर ‘फाइल सिस्टिम’ समोर काय लिहिले आहे ते पाहावे. फॅट३२ किंवा एक्सफॅट असेल तर त्या ड्राइव्हवर परवानग्यांची यादी ठेवण्याची सोयच नाही; बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह अनेकदा असेच येतात. फॅट३२ चे रूपांतर विंडोजच्या कन्व्हर्ट या आज्ञेने डेटा न घालवता एनटीएफएसमध्ये करता येते, तरी आधी बॅकअप घ्यावाच. एक्सफॅटसाठी ही आज्ञा चालत नाही. डेटा दुसरीकडे काढून ड्राइव्ह नव्याने फॉरमॅट करावा लागतो.

झालेले काम तपासण्यासाठी ॲडव्हान्स्ड विंडोतच ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ नावाचा टॅब आहे. तेथे कर्मचाऱ्याचे खाते निवडून ‘व्ह्यू इफेक्टिव्ह ॲक्सेस’ दाबले की त्याला प्रत्यक्षात काय मिळते ते ओळीने दिसते. तरीही मी त्यावर थांबत नाही. कर्मचाऱ्याच्या खात्यात जाऊन एक्सप्लोररमधून, ॲड्रेस बारमधून आणि कमांड प्रॉम्प्टमधून, असा तीन वाटांनी प्रयत्न करून पाहतो. तिन्ही ठिकाणी नकार मिळाला तरच काम झाले असे मानतो. कंटिन्यूची चौकट आली तर अर्थातच कॅन्सल दाबावे.

एवढे सगळे केल्यावरही एक दार उघडे असते. एनटीएफएसची परवानगी ही विंडोज चालू असताना विंडोजने पाळायची गोष्ट आहे. पेन ड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली सुरू केली किंवा डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तर ती यादी कोणी विचारातही घेत नाही. दुरुस्तीसाठी संगणक बाहेर जातो तेव्हा नेमके हेच शक्य असते. त्यासाठी बिटलॉकर हवे, म्हणजे ड्राइव्हमधील मजकूरच सांकेतिक स्वरूपात ठेवण्याची व्यवस्था. ती प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांत असते. होम आवृत्तीत डेटा ड्राइव्हवर स्वतंत्रपणे बिटलॉकर बसवता येत नाही. बिटलॉकरला परवानग्यांचा पर्याय समजणे ही मात्र मोठी गैरसमजूत आहे. मालकांनी सकाळी पासवर्ड देऊन ड्राइव्ह उघडला की तो संगणकासाठी उघडतो, केवळ त्यांच्या खात्यासाठी नव्हे. त्यांनी यूजर बदलून कर्मचाऱ्याला बसवले तरी तो पुन्हा लॉक होईपर्यंत किंवा संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत उघडाच राहतो. ड्राइव्हवर ‘ऑटो-अनलॉक’ लावलेले असेल तर तो दर वेळी आपोआप उघडतो. म्हणून संगणक आत असताना परवानग्या आणि बाहेर जाताना बिटलॉकर, अशी दोन्हींची जोड लागते. बिटलॉकर सुरू करताना मिळणारी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर छापून संगणकापासून दूर, कपाटात ठेवावी. पासवर्ड विसरला आणि ही कीही नसली तर त्या ड्राइव्हमधील डेटा कोणालाही परत मिळवता येत नाही.

विंडोज नव्याने टाकल्यावर उलट तक्रार येते: आता स्वतः मालकालाच ड्राइव्ह उघडत नाही. खात्याचे नाव आणि पासवर्ड तेच ठेवले असले तरी विंडोजच्या दृष्टीने ते नवे खाते असते, कारण परवानग्यांच्या यादीत नावाऐवजी प्रत्येक खात्याचा एक लांबलचक ओळखक्रमांक लिहिलेला असतो आणि तो नव्या विंडोजमध्ये बदलतो. सिक्युरिटी टॅबमध्ये अशा ठिकाणी ‘अकाउंट अननोन’ आणि पुढे एस-१-५-२१ ने सुरू होणारा क्रमांक दिसतो. ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून ॲडव्हान्स्ड विंडो उघडून ‘ओनर’ बदलावा, ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स’ वर खूण करावी, आपले नाव फुल कंट्रोलसह घालावे आणि तो अनोळखी क्रमांक काढून टाकावा. दुरुस्ती करणाऱ्याने घाईत ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देऊन ड्राइव्ह उघडून दिलेला असतो, हेही मी अनेकदा पाहिले आहे. संगणक दुरुस्तीहून परत आला की पहिल्याच दिवशी ती ओळ आहे का ते पाहावे. त्या कार्यालयात आता ही तपासणी मालक स्वतः करतात आणि ‘ग्राहक’ फोल्डरच्या यादीत तीनच नावे आहेत: सिस्टिम, ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि त्यांचे स्वतःचे.